बारीक झाल्याचं कौतुक

माझी शाळा सकाळची होती. साडेबाराला सुटायची आणि एकच्या आत मी घरी पोचायचे. आई बँकेत, पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. संध्याकाळी सहाच्या आधी दोघंही यायचे नाहीत. मला भावंड नव्हतं. किल्ली शेजारच्या काकूंकडं असायची. ती देताना त्या रोज विचारायच्या, "आलीस व्हय?" आणि मी म्हणायचे, "आलो." आमच्या कोल्हापुरात मुलीही आलो, गेलो, जेवलो असंच बोलतात. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच. त्यानंतर सहा वाजेपर्यंत घरात कुणी एक शब्द बोलायचं नाही.

आई चपाती-भाजी झाकून ठेवून जायची. मी ती ताटात वाढून घेऊन कधी जेवलेय असं मला आठवत नाही. उभ्यानं एक घास खायचे, काहीतरी आठवायचं म्हणून आतल्या खोलीत जायचे, तिथं काय आठवलं होतं तेच विसरायचे, परत येताना चिवड्याचा डबा दिसायचा. एक मूठ चिवडा. मग टीव्ही. मग दोन बिस्किटं, परत दोन, गूळ-शेंगदाणे, चमच्यानं दुधाची पावडर. दप्तर दारातच पडलेलं असायचं. चार वाजता मला कुणी विचारलं असतं की तू काय काय खाल्लंस, तर मला सांगता आलं नसतं. भूक लागली म्हणून मी खात नव्हते. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला की घरात कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं, एवढंच.

सकाळची गोष्ट वेगळी. एक बूट सापडायचा नाही, वही सापडायची नाही, वेणी घालताना मी तीनदा उठायचे. त्या गडबडीत नाष्टा राहून जायचा. शाळेचा डबा मी घरी विसरायचे, नाहीतर आठवणीनं नेला तर शाळेत विसरून यायचे. म्हणजे पहाटेपासून एक वाजेपर्यंत पोट रिकामं आणि त्यानंतर हात थांबायचाच नाही. हे सगळं सलग मांडलं की आज मला दिसतं. तेव्हा कुणालाच दिसलं नाही, मलाही नाही. सगळ्यांना दिसायचा तो संध्याकाळचा रिकामा चिवड्याचा डबा आणि मी.

सातवीत असताना शाळेत एकदा सगळ्यांची वजनं घेतली. पीटीचे सर काट्याशेजारी उभे राहून आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मॉनिटर तो वहीत लिहायची. माझी पाळी आली. सरांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "काटा बिघडला काय बघा रे." सगळा हॉल हसला. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. सर वाईट नव्हते, पुढं त्यांनीच मला एकदा डोकं दुखतंय म्हणून स्वतःच्या गाडीवरून घरी सोडलं. पण त्या दिवसानंतर मी मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडणं सोडलं. बाकावर बसून खिडकीतून मुलींचा खो-खो बघायचे.

आईनं आधी डबे माळ्यावर ठेवले. मी खुर्चीवर चढून काढले. मग तिनं कपाटाला कुलूप लावलं. मी साखर खाल्ली. ती घरी आल्यावर ओट्यावर सांडलेली साखर बघून म्हणाली, "लाज कशी वाटत न्हाय गं तुला? एकटी असतीस म्हणून सगळं घर खायचं?"

मी सांडलेली साखर तळहातानं गोळा करायला लागले, त्याचा तिला आणखी राग आला.

भात बंद झाला. सकाळी लिंबू पिळलेलं कोमट पाणी आलं. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचं ठरलं. चार दिवस मी सगळं नीट करायचे आणि पाचव्या दिवशी ते असतं हेच विसरायचे. "मनावर घेत न्हाय ही," असं आई म्हणायची. गणिताबद्दलही तेच आणि वजनाबद्दलही तेच. पप्पा तेवढे काही बोलायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "वाढत्या वयाची हाय. खाऊ दे की." मग आई त्यांच्यावर चिडायची आणि ते पेपर उघडून बसायचे.

नववीत आई मला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेली. हिला थायरॉइड असणार, असं तिला बँकेतल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. रक्त तपासलं, रिपोर्ट चांगला आला. आईचा चेहरा पडला. काहीतरी निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टर बाईंनी मला विचारलं, "काल दुपारी काय जेवलीस?"

मी सांगायला लागले. चपाती म्हटलं, मग वाटलं ती परवा. बिस्किटं म्हटलं, पण किती ते आठवेना. मी खोटं बोलत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आईकडं वळल्या.

"यंदा पाण्याच्या किती बाटल्या हरवल्या हिनं?"

"चार," आई लगेच म्हणाली. "आणि एक दप्तर. अख्खं दप्तर रिक्षात सोडून आली, डॉक्टर."

"अभ्यासाला बसली की?"

"दहा मिनिटांत उठती. बोलायला लागलो की मधेच तोडती. लहानपणापासून असंच हाय..."

एवढं बोलून आई थांबली. आपण तक्रार करतोय की काहीतरी दुसरंच सांगतोय, असं तिला वाटलं असावं.

बाई म्हणाल्या, "ही हावरट नाही हो. हिला भूक लागलेली कळत नाही आणि पोट भरलेलंही कळत नाही. लक्ष एका जागी राहत नाही, तसंच हे आहे. मी एक चिठ्ठी देते, तिकडं दाखवा."

चिठ्ठी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची होती. तिथं आम्ही चार-पाच वेळा गेलो. शाळेतून फॉर्म भरून आणले, आईनं भरले, पप्पांनी भरले. मग त्यांनी माझ्या या न टिकणाऱ्या लक्षाला एडीएचडी हा शब्द सांगितला. ते समजावून सांगत असताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा घोडा बघत होते, म्हणून मला सगळं आठवत नाही. हा आळस नाही आणि वळण लावण्यात आईचीही चूक नाही, हे दोन मुद्दे तेवढे आठवतात. परत येताना स्कूटरवर आई म्हणाली, "मुरगूडला कुणाला सांगायचं न्हाय." मुरगूडला पप्पांचं सगळं घर, काका, आत्या. मी म्हटलं, "बरं."

त्यांनी दिलेली गोळी सकाळी घ्यायची होती. पहिल्या दिवशी शाळेत मराठीच्या बाईंचं एक वाक्य मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढचं. वहीचं पान भरलं तेव्हा मला कळलं की मी मधे एकदाही वर बघितलं नव्हतं. डोक्यात सतत चालू असलेला पंखा कुणीतरी बंद केल्यासारखं वाटलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण थोडं परकंही वाटलं.

एक वाजता घरी आले. दप्तर खुंटीला लावलं. ताट वाढून घेतलं, बसले. चपातीचा एक घास तोंडात घातला तर तो कागदासारखा फिरत राहिला. गिळला आणि ताट झाकून ठेवलं.

डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. दिवसा भूक कमी होईल, म्हणून गोळीआधी पोटभर नाष्टा द्या, संध्याकाळी भूक परत येते तेव्हा नीट जेवू घाला, आणि दर महिन्याला वजन-उंची बघायला आणा. आईनं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. इतकी वर्षं ती ज्यासाठी कुलपं लावत होती ते आपोआप होणार होतं. शाळेचा डबा मी आता न विसरता घरी आणायचे, भरलेलाच. आई तो उघडून बघायची आणि काही बोलायची नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला भूक यायची ती एकदम यायची. हात कापायचे, कुणी काही बोललं तरी रडू यायचं. आई अर्धी भाकरी वाढायची आणि म्हणायची, "आता कुठं उतरायला लागलंय. परत सुरू करू नको." हे सगळं तिच्यावर ढकलणं सोपं आहे. पण मलाही तेच हवं होतं. मी अर्ध्या भाकरीतली पाव ठेवायला लागले.

दहावीच्या सुट्टीत मुरगूडला चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडवात पाय ठेवला आणि आत्यानं माझा दंड धरला.

"आगं बया! वळखाय बी आली न्हाईस की! ही आपलीच का गं?"

बाया गोळा झाल्या. कुणी माझी कंबर बघितली, कुणी गालावरून हात फिरवला. "काय केलंस गं पोरी?" "आता कसं पोरीगत दिसतीस." "आमच्या हिला पण सांग की."

आई म्हणाली, "डाएट."

"कसलं डाएट?"

मग आईनं तिथं उभ्या उभ्या एक डाएट रचलं. सकाळी कोमट पाणी, भात बंद, रात्री लवकर जेवण. दोघीजणी लक्ष देऊन ऐकत होत्या. मी शेजारी उभी राहून आईचं तोंड बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती आणि त्यांतल्या एकालाही मी ठाऊक नव्हते. जेवायला बसल्यावर माझ्या पानात जिलेबी तशीच राहिली, तर आत्या पंगतीला दाखवून म्हणाली, "बघा, मन मारलंय पोरीनं. असं पायजे."

मी मन मारलं नव्हतं. मला भूकच नव्हती. पण ते कौतुक मला पुरलं, पुढचं वर्षभर पुरलं.

अकरावीला कॉलेज सुरू झालं. आता संध्याकाळी भूक आली तरी मी खोलीत जाऊन पुस्तक उघडायचे. "जेवलो बाहेर," असं सांगायचे. डॉक्टरांकडं आई एकटीच जायची, "अभ्यास चाललाय, चांगली हाय" असं सांगून चिठ्ठी घेऊन यायची. वर्गात एक मुलगी माझ्याशेजारी बसायची. ती रोज डबा माझ्याकडं सरकवायची. मी रोज सांगायचे, मी घरी जेवते. दोन महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिचं काही चुकलं नाही. केस गळत होते, उन्हातसुद्धा मला थंडी वाजायची, पाळी दोन महिने आली नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळं थांबवावं लागलं असतं.

पप्पांनाच तेवढं कळलं होतं. एकदा रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि पलीकडं गेल्यावरही सोडलं नाही. घरी येऊन आईला म्हणाले, "नुसतं हाड लागतंय हाताला."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. ते परत पेपर घेऊन बसले.

एका सकाळी कॉलेजच्या जिन्यात माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचं आठवतं ते दवाखान्यातलं. हनुवटीला टाके पडले होते. पप्पा फौंड्रीतून तसेच आले होते, अंगावर निळा शर्ट, नखांत काळं. आई अजून पोचायची होती. ते स्टुलावर बसले.

"खरं सांग. जेवतीस काय?"

"जेवतो की."

त्यांनी माझ्या बोटांवर हात ठेवला.

"न्हाय जेवत," मी म्हटलं.

"का?"

"सगळ्यांना आवडतंय म्हणून."

त्यांनी तोंड फिरवलं. माझ्या बोटांवर त्यांचा हात होता, तेवढा तिथंच राहिला.

दोन दिवसांनी आम्ही तिघंही त्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडं गेलो. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, पण आकडा बोलल्या नाहीत, लिहून घेतला. आईवर ओरडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भूक कमी होईल म्हणून सांगितलं होतं. जेवण कमी करा म्हणून नव्हतं सांगितलं." आई मान खाली घालून पदराचं टोक गुंडाळत होती. बाईंनी तिथूनच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. काही दिवस गोळी बंद झाली, मग कमी ताकदीची सुरू झाली. एका आहारतज्ज्ञ ताईंकडं जायला लागलो. आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी बोलायला जायचे. पहिले तीन आठवडे मी तिथं हवापाण्याशिवाय काही बोलले नाही.

भूक लागेल तेव्हा जेव, हे बाकीच्यांसाठी. मला घड्याळ बघून जेवायचं होतं. सकाळी गोळीच्या आधी दोन अंडी आणि लोणी लावलेली भाकरी. दुपारी थोडं, पण चुकवायचं नाही. संध्याकाळी पूर्ण ताट. आई सकाळी साडेसहाला माझ्यासमोर येऊन बसायची. आमची भांडणं झाली. एकदा मी बशी सरकवली तर अंडं खाली पडलं. आई ते उचलायला वाकली आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली.

"एवढी वर्षं तुझ्या हातातनं काढून घेत होतो," ती म्हणाली. "आता घाल म्हणतात. घालू कसं?"

मी उठून तिच्याजवळ बसले नाही. मला जमलं नाही. मी दुसरं अंडं सोललं आणि खाल्लं.

पप्पांनी स्वतःसाठी एक काम शोधून काढलं. संध्याकाळी घरी आले की मला गाडीवर घालून गंगावेशीत दूधकट्ट्यावर न्यायचे. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. कोमट, वरपर्यंत फेस. पहिल्या दिवशी मला निम्मंच गेलं. उरलेलं त्यांनी पिऊन टाकलं, मिशी पुसली आणि गाडीला किक मारली. बारावीचं वर्ष निम्मं असंच गेलं. डिसेंबरात एकदा मी पेला रिकामा करून परत पुढं केला. त्यांनी गवळ्याला नुसती मान हलवून खूण केली.

वजन परत आलं. मधेच कुठंतरी येऊन थांबलं. पाळी सुरू झाली, हात उबदार राहायला लागले.

बारावीनंतर मुरगूडला काकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आई वाढायला उभी होती. आत्यानं मला बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "परत सुटलीस की गं! डाएट सोडलंस व्हय?"

मी काही बोलायच्या आत आई आमटीचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "डाएट नव्हतंच ते. गोळी चालू हाय तिची. भूक मेलती. मी खोटं सांगितलंतं तुमाला."

"कसली गोळी?"

आईनं सांगितलं. लक्ष लागत नाही, डॉक्टर कोण, कशाचे, सगळं. सांगताना तिचा आवाज मोठा होता, नको तेवढा मोठा. कुणीतरी हळू म्हणालं, "लग्नाची पोरगी. असलं चारचौघांत बोलू नये." पंगत उठल्यावर आमच्याशेजारी कुणी बसलं नाही. पप्पा काकांना मदत करायला मागं राहिले आणि आम्ही दोघी चारच्या एसटीनं निघालो.

गाडीत गर्दी नव्हती. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. ऊस तोडून रिकामी झालेली शेतं मागं जात होती. तसंच बाहेर बघत तिनं विचारलं, "लई बोललो काय गं मी?"

"न्हाय."

"तुला चालतंय न्हवं?"

मला ते चालत होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. मी "व्हय" म्हटलं. कागलला गाडी थांबली तेव्हा ती उतरून गरम भजी घेऊन आली. आम्ही दोघींनी ती एका कागदातून खाल्ली. मुरगूडहून आत्याचा फोन त्यानंतर सणासुदीलाच यायला लागला.

याला आता सहा वर्षं झाली. मी ताराबाई पार्कातल्या एका ऑफिसात डिझायनिंगचं काम करते. गोळी अजून घेते, वर्षातून दोनदा तपासणी असते. ऑफिसातले सगळे अडीचला एकत्र जेवतात, टेबलं जोडून, एकमेकांच्या भाज्या चाखत. माझी वेळ एकची. ती पुढं ढकलली की गोळीमुळं मग जेवण होतच नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी एकला गच्चीवर जाते. तिथं पाण्याच्या टाकीची सावली असते. आकाश स्वच्छ असलं तर लांब जोतिबाचा डोंगर दिसतो. चव असो नसो, वीस मिनिटांत संपवते. अडीचला सगळे हाका मारतात तेव्हा "माझं झालं" म्हणते. मी शिष्ट आहे असं त्यांना वाटतं, हे एकदा कानावर आलं.

परवा नवीन लागलेली एक मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी कुठं आहे बघायला आली होती, बाहेरून येताना मघाच्या सरीत भिजली होती बिचारी. मला बघून म्हणाली, "तू इथं एकटीच जेवतीस? का गं?"

सांगायला हरकत नव्हती. ती ओढणी पिळत उभी होती आणि खरंच ऐकायला थांबली होती.

"सवय," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली, ओढणी कठड्यावर टाकली आणि खाली गेली. मी पुढचा घास घेतला.